चांगल्या मालाला चिठ्ठी येत नाही

९ नोव्हेंबर

मोहिनी,

आशीर्वाद मागून देईन, आधी भांडते.

परवा पुण्याहून रिकामी कॅरेटं परत आली. एकाच्या तळाशी कागदाखाली छापील चिठ्ठी होती. वर पेटीचा नंबर, खाली ‘दर्जा : दुसरा’, आणि शेऱ्याच्या जागी हातानं लिहिलेलं, ‘पानं मऊ. बुडाशी सड. पाणी जास्त होत आहे.’ मी ती घेऊन चुलीपुढंच बसले. काय लिहिलंय ते नंतर वाचलं, आधी अक्षर वाचलं. शब्दावरची रेघ अर्ध्यात सोडून द्यायची खोड साऱ्या मुलखात एकाच बाईला आहे, आणि ती बाई माझी धाकटी जाऊ आहे. म्हणजे आपला लेटूस ज्या शेठकडं जातो, त्याच्याच माल निवडायच्या टेबलावर तू कामाला लागलीस. मला हे कळावं ते सडक्या पानांच्या शेऱ्यातून.

आखाडात तुम्ही दोघं पुण्याला गेलात, आता दिवाळीही होऊन गेली. फोन केला की वाजून वाजून थांबतो. आधी वाटायचं कामात असशील. मग वाटायला लागलं की फोन हातात धरून, माझं नाव बघत बसत असशील. म्हणून हे पत्र कॅरेटात तळाच्या कागदाखाली घालते आहे. यांना सांगितलेलं नाही. कॅरेटं मांजरसुंब्याच्या फाट्यावर नेऊन पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत ठेवायची एवढंच त्यांचं काम, त्यात काय आहे ते बघायचं त्यांना कारण नाही.

आता तुझ्या शेऱ्याकडं वळते. पाणी जास्त म्हणतेस, पण मला कसं कळावं? आपण दोघींनी इतकी वर्षं पॉलिहाऊस चालवलं खरं, पण पाण्याचा व्हॉल्व्ह कायम तुझ्या हातात आणि कापायचा चाकू माझ्या. तू शेतकीचं शिकून आलेली. मी वडवणीकडची, टँकरमागं घागर घेऊन पळालेली. आमच्याकडं दारातली तुळस सुकलेली दिसली तर येणारा-जाणारा हातातल्या तांब्यातलं घोटभर तिला घालून मगच पुढं जायचा. मान टाकलेलं झाड बघून नुसतं निघून जायचं, हे मला कुणी शिकवलेलंच नाही. भर दुपारी आत जाते तर सगळे वाफे माना टाकून बसलेले. माझा जीव राहत नाही. मी व्हॉल्व्ह उघडते. मग पानं अशी तरारतात की बघत राहावं. एकेक गड्डा दोन हातांत मावत नाही, वजनाला भारी. मला वाटलं, मोहिनीपेक्षा चांगलं साधलं आपल्याला. आणि तू लिहितेस दुसरा दर्जा.

तुझा राग मला कळत नाही असं समजू नकोस. वाटणीच्या दिवशी शेजारच्या पोरीनं चिठ्ठ्या उचलल्या. आम्हाला पॉलिहाऊस आलं, तुम्हाला तळ्याकडचा तुकडा. पॉलिहाऊसचा एकेक पाईप तू उभा करून घेतलेला. मी तिथंच, दाराआडून नाही, चार माणसांत येऊन म्हणाले होते की हे मोहिनीला द्या, तुकडा आम्ही घेतो. पण देवापुढं ठेवून उचललेली चिठ्ठी बदलत नाहीत, असं बसलेले सगळे म्हणाले, आणि तुझ्या नवऱ्यानं तर मानच वळवली. अमरसिंहला थोरल्या भावाकडून दान घेतल्यासारखं वाटलं असतं. तू उठलीस. पॉलिहाऊसची किल्ली माझ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलीस आणि म्हणालीस, “आता तुमचं तुमी बघा, आक्का.”

मी बघतेच आहे. जमत नाही, ते तुला दिसलंच.

किती पाणी द्यायचं तेवढं लिही. शेऱ्याच्या जागीच लिही, तुमच्या शेठला कळायचं नाही.

तुझी आक्का,
सत्यशीला


१८ नोव्हेंबर

मोहिनी,

चिठ्ठी मिळाली. ‘दुपारी मान टाकली तरी पाणी देऊ नये. संध्याकाळी पाहावे. सकाळीही मान खाली असेल तरच द्यावे.’ देऊ नये, पाहावे, द्यावे. तलाठ्याची नोटीस आली की काय असं वाटलं मला. पण चार ओळी होत्या. शेऱ्याची जागा संपली तेव्हा तू बाजूच्या कोऱ्या पट्टीवर आडवं लिहिलंस, तेही मी पाहिलं. एवढी आडवी तरी झालीस.

तू सांगितलंस तसं केलं. दुपारी कॅरेट पालथं घातलं आणि वाफ्यांच्या मधे बसून राहिले. हात व्हॉल्व्हकडं जाऊ नयेत म्हणून मांडीखाली धरले होते, हसू नकोस. सगळी रोपं माझ्याकडं बघत माना टाकून पडलेली. मी त्यांना म्हणाले, मला नका सांगू, पुण्याच्या बाईला सांगा. मग भाकरी खायला घरी आले ती खाववेना. उन्हं कलल्यावर परत गेले, तर सगळे उभे. एकही पान खाली नाही. मी थेंबभर पाणी दिलेलं नव्हतं. मोहिनी, मला रडू आलं गं. इतके दिवस मी तहानलेलं समजून पाजत होते, आणि त्यांच्या पायाशी पाणी होतंच. उन्हानं ओढ लावली म्हणून ते नुसते थोडे वाकले होते.

बोट घालून पाहिलं तर खाली चिखल. मुळं तपकिरी पडलेली, वास यायला लागलेला. वरून केवढाले गड्डे आणि बुडाशी ही दशा. ते इथं छान दिसतात आणि पुण्याला पोचेस्तोवर लिबलिबीत होतात, हे मला कसं दिसणार? डोळ्याआड होतं ते.

तुझी मुठीची परीक्षा आठवली. माती मुठीत धरून दाबायची. गोळा व्हायला पाहिजे, पण बोटांतून पाणी निघता कामा नये, आणि अंगठा लावला की गोळा फुटला पाहिजे. तू माझी मूठ तुझ्या मुठीत धरून शिकवायचीस आणि मी म्हणायचे, मला काय करायचंय, तू आहेस की. आता रोज सकाळी पाणी द्यायच्या आधी मूठ वळून बघते. अंदाज येतोय. एकाच बाजूची माती घेऊ नये, वाफ्याच्या दोन्ही टोकांची घ्यावी, हेही तूच सांगायचीस, ते आज सकाळी आठवलं.

यांनी विचारलं, “पाणी कमी केलंस वाटतं. मोहिनीनं सांगितलं का?” मी म्हणाले, रेडिओवर ऐकलं. आपल्या घरातला रेडिओ कधीचा बंद आहे.

आता माल बघ आणि लिही.

आक्का


३० नोव्हेंबर

मोहिनी,

दोनदा माल पाठवला, दोनदा कॅरेटं परत आली, चिठ्ठी नाही.

पहिल्या वेळी वाटलं पडली असेल. सगळी कॅरेटं अंगणात उलटी केली, कागद उचलून झटकले, एकेक जाळीत बोट घातलं. हे म्हणाले, “काय हुडकायलीस?” म्हटलं, चाकू हरवलाय. चाकू माझ्या दुसऱ्या हातात होता. दुसऱ्या वेळी मात्र मांजरसुंब्याहून आलेल्या कॅरेटांना यांनी हात लावायच्या आधी मीच धावले. तेव्हाही काही नाही. जेवताना मी सहज म्हटल्यासारखं म्हणाले, हल्ली शेठकडून शेरा येत नाही. तर हे म्हणाले, “माल चांगला हाय, मग कशाला लिव्हतील?”

घास तसाच राहिला माझ्या हातात. इतकं सोपं होतं, आणि मला सुचलं नव्हतं. बिघडलं तर लिहायचं, बरं असेल तर गप्प राहायचं. पुण्याची ही रीत तुला शोभते. तू घरात होतीस तेव्हाही माझी भाजी खारट झाली की पहिली तू बोलायचीस, आणि चांगली झाली की परत वाढून घ्यायचीस. पण तेव्हा तू समोर असायचीस गं, परत वाढून घेतलेलं मला दिसायचं.

माल चांगला झालाय हे मात्र खरं. गड्डा आटोपशीर, पान कुरकुरीत, मोडलं तर कट्कन आवाज येतो. आदल्या संध्याकाळी हलकं पाणी आणि पहाटे दव असतानाच कापणी, तुझ्यासारखंच करते. पण कापून झालं की करमत नाही. आपण दुपारी आतच भाकरी सोडायचो, तू पानावर शेंगदाण्याची चटणी लावून मला द्यायचीस, आणि गावातल्या बायका म्हणायच्या, या दोघी शेळीसारखा पाला खातात. घरात दुसरं कुणी तोंडाला लावत नाही. मी एकटीनं खाऊन बघितलं. लागतं तसंच, पण दुसरं पान घेतलं नाही.

मला तुझी आठवण येते. हे सरळ लिहिते, कारण तुला आडवळण कळत असलं तरी तू कळलं असं दाखवणार नाहीस.

चांगल्या मालावरही काहीतरी लिहीत जा. नुसती रेघ मारलीस तरी चालेल.

आक्का


१२ डिसेंबर

मोहिनी,

आली, चिठ्ठी आली! ‘पान कडू. आखूड, जाड. पाणी कमी पडले आहे. ठिबक चोक झाले का पाहा. आक्का, फिल्टरची जाळी धुवा.’

आक्का असं लिहिलंस. शेठच्या छापील कागदावर लिहिलंस. ती चिठ्ठी मी देव्हाऱ्यात ठेवली नाही एवढंच, बाकी सगळं झालं.

हो गं, ठिबकच चोक झालं असणार. तळ्याचं पाणी खाली गेलं की गाळ येतो, तुला माहीत आहे. एका वाफ्याला बरेच दिवस पाणी पोचलं नाही, आणि माझ्याही लक्षात आलं नाही. मुठीत माती धरली तर भुगा. पानं लहान राहिली, रंग मात्र काळपट हिरवा, हाताला चपलेच्या चामड्यासारखी. मी एक पान चावून बघितलं. कारल्याला लाज वाटावी असं कडू. मधून दांडाही वर यायला लागला होता. तहान लागली की झाडाला बी धरायची घाई होते, असं तू एकदा म्हणाली होतीस ना? आता जाळी धुतली आहे, काळजी करू नकोस.

तुला बातम्या सांगते. ज्वारी निसवली, कणसं बाहेर आली. यंदा हुरडा लवकर होईल. यांनी परवा तळ्याकडच्या तुमच्या तुकड्यातलं गवत काढलं. मी म्हटलं, तो तर अमरसिंहचा. तर म्हणाले, “गवताला कुठं म्हाईत कुनाचं हाय ते.” मी युसूफवडगाव गावच्या बाजाराला गेले होते तेव्हा तुझी आई भेटली. सुंदरबाईंनी मलाच विचारलं, माझी मोहिनी कशी आहे. पोटच्या आईनं जावेला विचारावं, म्हणजे तू तिकडंही फारसं बोलत नाहीस. मी काय सांगू? म्हणाले, मजेत आहे, अक्षर अजून तसंच आहे. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या.

तुझी तब्येत बरी आहे का? दिवसभर उभं राहावं लागतं का? गार खोलीत काम असतं म्हणे, मग स्वेटर घालतेस का तो निळा? एवढ्याचं तरी उत्तर दे. पाण्याच्या शेऱ्यात बसेल असं कसं विचारू, तेच मला समजत नाही.

आक्का


२१ डिसेंबर

मोहिनी,

‘पानांच्या कडा करपल्या आहेत. एक दिवस कोरडं ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी लोट सोडायचा, असं केलं की असंच होतं. आक्का, हे तुमाला म्हाईत हाय.’

शेवटची ओळ तू आपल्या बोलीत लिहिलीस. ती वाचून मला कानाशी आवाज आला तुझा, कमरेवर हात ठेवलेला.

तुला वाटतं तसं काही नाही. लाईटीचा घोळ चालू आहे. कधी दोन-दोन दिवस मोटार चालत नाही, आणि लाईट आली की एकदम सगळं पाणी सुटतं. त्यात माझी काय चूक? कोवळी मधली पानं कडेनं तपकिरी झाली खरी, जळक्या कागदासारखी. बाहेरून गड्डा चांगला दिसतो, आत उघडावं तर हे. पुढच्या वेळी नीट पाठवते.

दुसरं महत्त्वाचं. वेळ अमावस्या जवळ आली. तुझ्या लक्षात असेलच, पण पुण्याच्या कॅलेंडरात नुसती अमावस्या लिहितात, त्यात येळवस दिसत नाही. शेतात कडब्याची कोप घालायची आहे, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे आहेत, ताकाची आंबील लावायची आहे. गेल्या साली तू भज्जीत, त्या सगळ्या भाज्यांच्या मिसळीत, लेटूस टाकलास आणि सगळ्यांनी नावं ठेवत चाटूनपुसून खाल्ली. यंदा आंबील शिंपडत शेताला फेरा कुणी घालायचा? यांच्या पुढं अमरसिंह चालायचा, मागं मी, माझ्या मागं तू. दोघांचा फेरा कसा होतो? तो नुसता दोन माणसांचा रस्ता होतो.

एका दिवसाचं काम आहे. ये.

आक्का


२६ डिसेंबर

मोहिनी,

आज योगिताचा फोन आला होता. तुझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी. कॅरेटावरच्या लेबलवरून तिनं नंबर घेतला, आणि तुला सांगू नका म्हणाली. मी सांगते आहे, तिच्यावर रागावू नकोस. चांगली पोर आहे.

तिच्याकडून कळलं की तू माझ्या मालातली निम्मी कॅरेटं पहिल्या दर्जात घातलीस, करपलेली पानं हातानं काढून काढून, जेवणाची सुट्टी सोडून. शेठनं एक गड्डा उघडला आणि सगळ्यांसमोर धरला. म्हणाले, घरच्या माणसाचा माल म्हणून पांघरूण घालतेस. आणखी एक खेप अशी आली तर आमचा माल बंद, आणि तुलाही त्या टेबलावरून हलवणार. योगिता म्हणाली, तू खाली मान घालून उभी होतीस.

आता ऐक. ठिबक चोक झालेलं नव्हतं. लाईटही व्यवस्थित होती. मी मुद्दाम केलं.

चांगल्या मालाला चिठ्ठी येत नाही, म्हणून मी माल बिघडवला. आधी एका वाफ्याचं पाणी तोडलं. तहानेनं पान कडू होतं हे मला ठाऊक होतं, तूच एकदा चाखवलं होतंस. तुझी चिठ्ठी आली, त्यात आक्का होतं. मग लोभ सुटला. पुढच्या वाफ्याला एक आड एक कोरडं आणि चिखल करून ठेवलं. रोज दुपारी तो सुकलेला वाफा बघत मी तिथंच बसायचे. तांब्याभर पाणी घालायला हात पुढं जायचा आणि मी मागं घ्यायचे. तान्ह्याला उपाशी ठेवल्यागत वाटायचं मला. पण तुझी एक ओळ पाहिजे होती गं. माझी सगळी अक्कल त्या एका ओळीपुढं गहाण पडली.

यांनी मला पकडलं होतं. गेल्या पत्रात ते लपवलं. व्हॉल्व्हपाशी येऊन म्हणाले, “ह्या वाफ्याला कावून पाणी न्हाई? आन् त्यो पार चिखल करून ठिवलायस.” मी लाईटीचं सांगायला लागले. ते वाफ्याच्या कडेला बसले, मातीत बोट घातलं, आणि वर न बघता म्हणाले, “चिठ्ठीसाठी व्हय?”

पहिल्या पत्रापासून त्यांना माहीत होतं. कॅरेट उचलताना कागद सरकला होता. पुढं तेच म्हणाले, “मी बी ट्रॅव्हल्सवाल्याला इचारत असतो, पुन्याला कॅरेटं उतरून घ्यायला कोन येतंय. आपला अमरच येतो म्हनं. बारीक झालाय म्हनला.” मग उठले, धोतराची माती झटकली. “पर असं करू नगंस. पिकानं काय केलंय आपलं?”

मी हो म्हणाले आणि तरी एक वाफा तसाच ठेवला होता. पुढच्या खेपेसाठी. आज योगिताचा फोन ठेवला आणि सरळ जाऊन तो अख्खा वाफा उपटला. रस्त्यानं आश्रुबाची मेंढरं चालली होती, त्यांच्यापुढं टाकला. आश्रुबा म्हणाला, “वैनी, एवढा हिरवा पाला कावून टाकायलाव?” मी म्हणाले, कडू आहे. मेंढरांना काही कडू लागलं नाही, त्यांनी मिटक्या मारून खाल्ला.

माझ्यापायी तुला मान खाली घालावी लागली. घरात मी तुला कधी कुणापुढं मान खाली घालू दिली नाही, आणि इतक्या लांबवर बसून हे केलं. मला माफ कर असं लिहिणार होते, पण तू म्हणशील शेऱ्यात बसत नाही.

तर आता माल चांगला येईल. रोज सकाळी दोन्ही टोकांची माती मुठीत धरून बघते आणि मगच पाणी देते, ना कमी ना जास्त. उद्याची खेप तू स्वतः डोळे मिटून पहिल्या दर्जात घाल. म्हणजे तुझी चिठ्ठी येणार नाही. येऊ नये. मी कॅरेटं उलटी करणार नाही. कॅरेट रिकामं आलं की समजेन, मोहिनीला आज कुणी बोललं नाही.

पत्रही आता लिहीत नाही. तुझ्या कामाच्या जागी माझे कागद सापडायला नकोत.

आक्का


१ जानेवारी

मोहिनी,

पत्र लिहीत नाही असं म्हटलं होतं, पण तू कामाचं मागितलंस तेव्हा लिहावं लागतंय.

परवा येळवस झाली. आम्ही दोघांनीच फेरा घातला. हे पुढं, मी मागं, आणि कोपीपाशी परत येईस्तोवर मी तीनदा रस्त्याकडं पाहिलं. यांनी पाहिलं की नाही ते त्यांच्या पाठीवरून कळलं नाही, पण जेवायला बसताना त्यांनी चार पत्रावळ्या मांडल्या. मी उचलल्या नाहीत. तुमच्या दोघांच्या पानावर भज्जी वाढली, वर आंबील घातली, आणि शेवटी ते गाईला दिलं.

काल कॅरेटं आली. मी कबूल केल्याप्रमाणे उलटी केली नाहीत. हेच पाणी मारून धुवायला बसले, आणि ओल्या हातानं चिठ्ठी घेऊन आत आले. माझ्या ताटाशेजारी ठेवली.

‘दर्जा : पहिला.’ आणि शेऱ्याच्या जागी, ‘तिसऱ्या वाफ्यातली मूठभर माती पाठवा. ओल तपासायची आहे.’

मी परत परत वाचलं. पहिला दर्जा, आणि तरी शेरा. तिसरा वाफा म्हणजे आपण दोघींनी पहिल्यांदा भरलेला, तुझ्या पाटल्या मातीत हरवल्या होत्या आणि दुसऱ्या कापणीला सापडल्या, तो. यांना वाचून दाखवलं. त्यांनी चिठ्ठी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, “पुन्याला जाईस्तवर मातीत ओल राहती व्हय?”

“न्हाई राहत,” मी म्हणाले.

“तिला ठावं न्हाई का?”

“तिनंच मला शिकवलंय.”

“मग?”

“मग काय, पाठवायची.”

त्यांनी उठून खिळ्यावरची किल्ली काढून दिली.

आज सकाळी उठल्या उठल्या गेले. वाफ्याच्या दोन्ही टोकांची थोडी थोडी घेतली, मूठ वळली. छान गोळा झाला, बोटांतून पाणी निघालं नाही. अंगठा मात्र लावला नाही, फुटला असता. लेटूसच्या पानात ठेवून वरून ओलं फडकं बांधलं आहे. माझ्या बोटांचे वळ त्यावर उमटलेत. गाडीच्या हिसक्यांनी तो फुटेल, आणि तुझ्या टेबलावर पोचेल तेव्हा मूठभर कोरडी माती असेल. तिच्यात तपासण्यासारखं काही उरणार नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. तू मागितलीस म्हणून पाठवते. वास तेवढा घे.

ओलच बघायची असेल तर ती सकाळी, पाणी द्यायच्या आधी, वाफ्यापाशी बसून बघावी लागते. तुझाच नियम आहे. म्हणजे आदल्या दिवशी मुक्कामाला यावं लागेल. किल्ली मी परत खिळ्याला अडकवली आहे, आणि अंथरुणं आज उन्हात टाकली.

आक्का